घाटाच्या पायऱ्या आणि मासे शोधणारे यंत्र

विघ्नहर्त्या गजाननाच्या चरणी मस्तक ठेवून आणि जिच्या केवळ दर्शनाने मनुष्य निर्मळ होतो अशी आमच्या घराण्याची श्रद्धा आहे त्या माई नर्मदेला दंडवत घालून मी हे लिहिण्यास बसलो आहे. निमित्त तिच्याच जयंतीचे. गेल्या माघ शुद्ध सप्तमीला आमच्या अक्काची बावीस वर्षे राहून गेलेली ओटी माईच्या पदरी पडली. ते कसे घडले हे कुणीतरी लिहून ठेवावे असा घरातून आग्रह झाला. लिहायचे तर खरे लिहावे लागेल. आणि खरे असे की त्या सहा महिन्यांत माझा जितका संताप झाला, तितका पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवतानाही झाला नव्हता.

अक्का ही माझी थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. तिचे सासर नर्मदाकाठच्या एका लहानशा गावी. आमचे मेहुणे तिथल्या घाटावरच्या देवळाचे पुजारी. पुढे खाली धरण झाले, गाव फुगवट्यात जाणार हे ठरले आणि माणसे उठली. त्या गावचा रिवाज असा की घर सोडून कायमची निघालेली बाई घाटावर जाऊन माईची ओटी भरते आणि "इतकी वर्षं सांभाळलंस, आता येते" असे म्हणून मगच वेशीबाहेर पाऊल टाकते. अक्का त्या वेळी माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी इंदूरला आली होती. गाडीने सामान आले, मेहुणे आले, पाठोपाठ पाणी आले. ओटी राहिली.

मेहुणे गेल्यापासून अक्का इंदूरच्या अन्नपूर्णा भागात आमच्याच घरी असते. दरवर्षी आम्ही तिला नर्मदेवर नेतो, सडकेने जाता येते अशा घाटावर. ती ओटी भरते, हात जोडते, आणि परतताना गाडीत हटकून म्हणते, "ही माईच आहे रे, पण हा माझा घाट नव्हे."

गेल्या श्रावणात डॉक्टरांनी सांगितले की तिचा एक डोळा गेलाच आहे, दुसरा वर्षभर साथ देईल की नाही याची खात्री नाही. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "दिसतंय तोवर मला एकदा माझा घाट दाखवा. मग डोळे गेले तरी माझी काही तक्रार नाही."

घाट तर तीस-पस्तीस फूट पाण्याखाली. पण माझी नात, म्हणजे जिच्या जन्मापायी ती ओटी राहिली तीच मुलगी, वरण वाढता वाढता थांबली. ती आता सिमरोलकडे नोकरीला आहे आणि सुट्टी मिळाली की मित्रमैत्रिणींसह धरणाच्या पाण्यात कयाक घालून बेटांवर मुक्काम करून येते. कयाक म्हणजे अरुंद, हलकी, दुतोंडी वल्ह्याने चालवायची होडी. या छंदावर आमच्या घरात पुरेसे वाद झालेले आहेत.

"अक्काआजी, दिसेल घाट," ती म्हणाली. "आपण फिश फाइंडर लावू."

"काय लावू?" मी विचारले.

"मासे शोधायचं यंत्र, आजोबा. पाण्यात आवाज सोडतं. तो तळाला लागून परत येतो, आणि तळ कसा आहे ते पडद्यावर काढून दाखवतं."

शब्द हा आकाशाचा गुण, असे मी मुलांना जन्मभर शिकवले. तो नर्मदेच्या तळाशी जाऊन पायऱ्या मोजून येतो, हे वयाच्या शहात्तराव्या वर्षी ऐकावे लागले. आणि यंत्र कशाचे, तर मासे शोधण्याचे! आमच्या घरी सात पिढ्यांत मासा शिजलेला नाही. पण अक्काच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहिल्यावर खरेदीचे काम मी अंगावर घेतले. नातीला नोकरीतून सवड नव्हती, आणि कोणतीही वस्तू पूर्ण अभ्यासून घ्यावी ही मला खोड. तिचे फळ मी यथेच्छ भोगले.

शहरात गळ, दोरा, जाळी विकणारे एक दुकान आहे. गंध लावलेल्या कपाळाने मी त्याच्या पायऱ्या चढलो तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी अतिशय आपुलकीने सांगितले, "पंडितजी, पूजा का सामान अगली गली में।"

"मुझे फिश फाइंडर देखना है।"

ते माझ्या गंधाकडे पाहत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कौन सी मच्छी पकड़ना है?"

"कोई सी नहीं। मुझे पानी के नीचे सीढ़ी देखनी है।"

"भिया," ते शेजारच्या दुकानदाराला हाक मारून म्हणाले, "जरा इधर आना। पंडितजी की सीढ़ी पानी में गिर गई।"

घाटाच्या पायऱ्या म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला. पुढचा दीड तास त्यांनी मला समजावण्यात घातला, आणि त्यातून मी जो गोंधळ घेऊन घरी आलो तो दोन महिने निस्तरत होतो. एक प्रकार चेंडूसारखा. तो दोरीला बांधून पाण्यात फेकायचा आणि मोबाइलवर तळ पाहायचा. नातीने तो एका वाक्यात निकालात काढला: उन्हात मोबाइल दिसत नाही आणि चेंडू जरा लांब गेला की संपर्क तुटतो. दुसरा प्रकार होडीवर बसवण्याचा. पडदा वर, आणि आवाज सोडणारा सेन्सर एका दांडीच्या टोकाला पाण्यात. तो ठरला. पण पडदा केवढा? मासेमारांना पाच इंची पुरतो. अक्काच्या डोळ्याला नऊ इंची तरी हवा. नऊ इंची पडदा बॅटरी खातो. बेटावर दोन रात्री वीज नाही, म्हणून बॅटरी मोठी हवी. मोठी जुनी बॅटरी इतकी जड की कयाकची शेपूट पाण्यात बुडते. हलकी नवी बॅटरी घ्यावी तर ती भिजता कामा नये, म्हणून पाणी न शिरणारी पिशवी. पिशवी घेतली तर तिच्यातून तारा बाहेर कशा काढायच्या? एका प्रश्नाला शांत करावे तर दुसरा रुसून बसे. माझ्या विद्यार्थ्यांना संधी सोडवताना कसे वाटत असेल, याची करुणा मला प्रथमच आली.

मोबाइलवर या यंत्रांची माहिती देणारी चलच्चित्रे असतात. मी ती वही घेऊन पाहिली. प्रत्येक गृहस्थ प्रारंभी शहाण्यासारखा बोलतो आणि शेवटी एक मोठा मासा छातीशी धरून हसतो. चार दिवसांनी माझ्या मोबाइलला माझ्या रुचीविषयी भलताच समज झाला. सकाळी स्तोत्र लावावे तर आधी गळाला लावायच्या रबरी किड्याची जाहिरात. भजनी मंडळात एकदा तीच मोठ्या आवाजात सुरू झाली, आणि शेजारच्या वहिनींनी टाळ खाली ठेवून माझ्याकडे पाहिले ते मी विसरणार नाही.

मग लाइफ जॅकेट. योजना अशी होती की नात वल्हवील, मी तिच्या पुढे बसेन, घाटाची जागा सापडली की अक्काच्या वतीने मंत्र म्हणून ओटी अर्पण करीन आणि उमटलेले चित्र साठवून तो पडदाच तिच्याकडे घेऊन येईन. अक्का काठावर खुर्चीत बसेल. त्यासाठी माझ्या मापाचे, नारिंगी, धोतरावर बसेल असे जॅकेट शोधताना तीन आठवडे गेले.

अशा रीतीने आश्विनात सारे साहित्य घरी आले. दसऱ्याला आम्ही उपकरणांची पूजा करतो. त्यात ते यंत्रही पाटावर मांडले. मी गंध, अक्षता, फूल वाहिले. मंत्र म्हटले. अक्का पुढे सरकली आणि तिने लाल नाडाछडीचे सात वेढे त्या सेन्सरला दिले, सात गाठी मारल्या.

"पडद्याला बांध की," मी म्हटले.

"पडदा वरच राहणार. माईच्या पाण्यात हा जाणार ना? मग यालाच." आणि गाठीवर बोट ठेवून ती म्हणाली, "ओटी भरेपर्यंत हा धागा सोडायचा नाही."

कार्तिकात नात आणि तिचे मित्र दोन रात्रींच्या मुक्कामाला गेले. अक्काने तिला खूण सांगितली होती: घाटावर उभे राहिले की समोरच्या टेकडीचे दोन सुळके एकामागे एक येतात आणि एकच दिसतो. टेकडी अजून पाण्याबाहेर आहे. त्या रेषेत वल्हवत राहून यंत्राने तळ पाहायचा, एवढेच काम. सोमवारी ती उन्हाने रापून परत आली.

"सगळीकडे दीड फूट दाखवतंय, आजोबा."

"काय दीड फूट?"

"खोली. टेकडीपाशी दीड फूट, मधोमध दीड फूट, जिथे वल्हं टेकत नाही तिथेही दीड फूट. अख्खी नर्मदा दीड फूट."

अक्का पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले. एवढेच. पण दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागली, कालच्यापेक्षा आज किती दिसते ते पाहण्यासाठी. ते पाहून माझा राग उसळला, आणि तो सगळा मी दुकानदारावर काढला.

मी पडदा, बॅटरी, तारा पिशवीत भरून दुकानात गेलो. सेन्सर मात्र नेला नाही. पूजिलेली, नवसाची वस्तू, तीही माशांच्या आमिषाचा वास येणाऱ्या दुकानात! ती देवघरातच राहिली. दुकानदारांनी पडदा तपासला, बॅटरी तपासली.

"सब बराबर है, पंडितजी।"

"बराबर कैसे? नर्मदा क्या डेढ़ फुट है?"

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. कंपनीच्या तक्रार केंद्राशीही बोललो. तिथल्या बाईंनी मला मासा कोणत्या जातीचा हे विचारले, तेव्हा मी फोन ठेवला. तिसऱ्या आठवड्यात, नातीलाही सोबत घेऊन, मी दुकानात असे बोललो की आता आठवले तरी मान खाली जाते. सचोटी, धर्म, ग्राहकाचा विश्वास, वृद्ध स्त्रीचा तळतळाट, काहीही शिल्लक ठेवले नाही. त्या सद्गृहस्थांनी सारे ऐकून घेतले आणि चहा मागवला.

"पंडितजी, वो पानी में जाने वाला पुर्जा आप एक बार भी नहीं लाए।"

"वह पूजा में है।"

"पूजा में है?" त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "फोटू तो होगा?"

नातीच्या मोबाइलवर दसऱ्याचे छायाचित्र होते. त्यांनी ते मोठे करून पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले.

"अरे मेरी मैया। मुँह बाँध के रक्खा है बिचारे का, बोलेगा कैसे?"

मग त्यांनी शांतपणे समजावले. सेन्सरचे तोंड उघडे लागते. ओल्या धाग्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, त्यांवर आपटून आवाज जागच्या जागी माघारी येतो, आणि यंत्राला वाटते तळ लागला. एवढे माहीत असायला हवे होते. माहितीपुस्तकात तोंड स्वच्छ ठेवा असे लिहिलेही होते. मी ते वहीत उतरवून घेतले होते. पण नवसाच्या धाग्याला अस्वच्छ कोण म्हणेल?

रस्त्यावर आल्यावर मी नातीला विचारले, "तुला शंका आली नाही?"

"आली होती."

"मग?"

"अक्काआजींनी बांधलेलं, तुम्ही मंत्र म्हणून. मी कोण ते सोडणार?"

"आणि तीन आठवडे मला त्या भल्या माणसाशी भांडू दिलंस?"

"आजोबा, तुम्ही मला बोलायला जागा कुठे ठेवली होती?"

मी त्याच पावली परत जाऊन दुकानदारांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "अरे पंडितजी, सीढ़ी मिल जाए तो पेड़ा खिला देना, बस।"

आता धागा सोडणे आले. नवस पुरा होण्याआधी गाठ सोडणे अक्काला सोसेल का, या विचाराने मी दोन दिवस घरात अबोल होतो. शेवटी मनाची तयारी केली. धागा टाकायचा नसून त्याचे केवळ स्थान बदलायचे आहे, संकल्प मनाचा असतो, वस्तू निमित्तमात्र, अशी व्यवस्थित मांडणी करून मी तिच्यासमोर बसलो. तिने अर्धेच ऐकले.

"शास्त्रीबुवा, यंत्राला धागा चालत नाही, एवढंच ना? मग ते दोन दिवस तोंडात मूग धरून कशाला बसला होतास?"

तिने सेन्सर मांडीवर घेतला आणि नखांनी गाठी सोडू लागली. डोळ्यांना गाठी दिसत नव्हत्या, बोटांनीच चालले होते. आम्ही मदत करू पाहिली तर हात झटकले. अर्ध्या तासाने धागा सुटला. तो तिने स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि हात नातीपुढे केला.

"बांध. सात गाठी. आता यंत्राच्या ऐवजी हा हात पाण्यात जाईल."

"अक्का," मी म्हटले, "तू काठावर बसणार आहेस."

"धागा जाईल तिथे मी जाणार."

"होडीत?"

"नाही तर काय, टेम्पोत?"

"अगं, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांनी वल्हवायचंय का रे?"

मी नातीकडे पाहिले. ती छताकडे पाहत होती. डॉक्टरांना विचारले तर तेही फुटले. म्हणाले, पाणी शांत असेल, जॅकेट घातलेले असेल, तर नेऊन आणा. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दोन आठवडे अभ्यासून मी जी दोन आसनी कयाक पसंत केली होती ती बाद झाली, कारण तीत पाय लांब पसरून बसावे लागते. नातीने मित्रांकडून एक रुंद कॅनू मिळवली. ही उघडी, बसकी, चांगली स्थिर होडी. तीत पाठ टेकायची खुर्ची बसवता येते. माझ्यासाठी शोधलेले नारिंगी जॅकेट पट्टे आवळले की अक्काला बरोबर बसते असे आढळून आले. होडीत तिसऱ्याला जागा नव्हती. म्हणजे काठावर आता मी.

पौषात नात पुन्हा दोन रात्री राहून आली. आता यंत्र बोलू लागले होते. सुळके एक होतात त्या रेषेवर एका जागी तळ सपाट नव्हता. तुटत तुटत खाली उतरत होता. "घाट असेल, खडकही असेल," ती म्हणाली. "ते अक्काआजीच सांगतील."

माघ शुद्ध सप्तमीला आम्ही पहाटे निघालो. सिमरोलचा डोंगरघाट उतरून, नदी ओलांडून, शेवटी शेतांतल्या कच्च्या वाटेने पाण्याच्या कडेला पोचलो तेव्हा ऊन कोवळे होते आणि पाणी परातीतल्यासारखे स्तब्ध. अक्काला चौघांनी उचलून होडीतल्या खुर्चीत बसवले. नऊवारी, वर नारिंगी जॅकेट, मांडीवर ओटीचे ताट. नात मागे. दुसऱ्या होडीत तिचे दोन मित्र, सोबतीला. मी काठावर.

ते निघाले आणि दहा वल्ही गेली नाहीत तोच यंत्र किंचाळू लागले. मासा खालून गेला की सूचना देण्याची त्याला सोय आहे. ती बंद करावी असे मी तीन वेळा लिहून दिले होते.

"बंद करा ते!" मी ओरडलो.

पाण्यावरून अक्काचा आवाज स्वच्छ आला, "काय गं हे? ते बिचारे मासे आपल्या वाटेनं चाललेत. त्यांची चहाडी कशाला करतं हे?"

आवाज बंद झाला. होडी बारीक होत गेली आणि टेकडीच्या रेषेवर थांबली. वारा नव्हता. चेहरे दिसत नव्हते इतकी दूर, पण बोलणे तुकड्या-तुकड्यांनी येत होते.

"अक्काआजी, पडदा दिसतोय? जवळ आणू?"

"थांब. हलवू नकोस." मग, "एक. दोन. तीन. ही रुंद बघ. चौथी रुंदच होती. तिच्यावर आम्ही धुणी आपटायचो."

"पुढे?"

"पाच. सहा. सात. आठ."

"आठच आहेत, अक्काआजी. तुम्ही एकवीस म्हणाला होता."

"बाकीच्या गाळात गेल्या असतील. इतकी वर्षं काय माझी वाट बघत उभ्या राहणार?"

मी काठावर मंत्र म्हणायला उभा राहिलो होतो. कंठातून पहिला शब्द निघण्याआधीच तिकडून तिचा आवाज आला, घरातल्या माणसाशी बोलावा तसा. "माई, उशीर झाला. बाळंतपण होतं गं घरी. इतकी वर्षं सांभाळलंस. आता येते." नारळ पडल्याचा आवाज आला. मागून नातीचे हुंदके आले, आणि अक्काचे, "अगं, रडतेस काय? तुझ्यामुळे राहिली, तुझ्या हातून झाली. तो धागा सोड आता, मला गाठी दिसत नाहीत."

मी खाली बसलो. मंत्र तसाच राहिला.

परत आल्यावर तिला उचलून काठावरच्या खुर्चीत बसवले. तिने ओला हात माझ्या डोक्यावर पुसला आणि म्हणाली, "तुझं यंत्र चांगलं आहे. बडबड फार करतं, पण ते तुझ्यावरच गेलंय."

दुकानात पेढे मी स्वतः नेऊन दिले. यंत्र आता नातीकडे असते. माझा मोबाइल अजूनही सकाळी रबरी किडे दाखवतो, आणि मी अजूनही चिडतो. अक्काला समोरच्या पाट्या आता वाचता येत नाहीत. तिने खिडकीशी उभे राहणेही सोडले आहे. विचारले तर म्हणते, "आठ पायऱ्या दिसतात. तेवढं पुरे."

हे वाचणाऱ्या तुमच्या घरी कुणाची एखादी ओटी, एखादा निरोप राहून गेला असेल, तर तो पुरा करण्याइतकी दृष्टी त्या माणसाला आणि तेवढा धीर तुम्हाला लाभो. माई नर्मदा तुमच्या उंबरठ्याच्या आतल्या सर्वांना, थोरांना आणि लेकरांना, शांत पाण्यासारखे आयुष्य देवो. तथास्तु.